हरू शकणारा उपचार

अमेरिकेत १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात तीन स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांची हकिकत छापून आली. तिघांनाही पोटाच्या तक्रारी होत्या आणि तपासणीचा भाग म्हणून त्यांना सिक्रेटिन हे संप्रेरक शिरेतून दिलं गेलं होतं. स्वादुपिंड नीट काम करतं की नाही, हे पाहण्यासाठी ते वापरण्याची पद्धत होती. पुढच्या काही आठवड्यांत या मुलांची नजर स्थिरावली, शब्द वाढले, असं घरच्यांना आणि डॉक्टरांना जाणवलं. बातमी दूरचित्रवाणीवर पोहोचली, ऑटिझमवर औषध सापडल्याची हवा झाली आणि सिक्रेटिनला प्रचंड मागणी आली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साठ मुलं निवडली होती. निम्म्यांना सिक्रेटिनचं एक इंजेक्शन, उरलेल्यांना नुसतं सलाइनचं पाणी. कुणाला काय दिलंय हे पालकांना ठाऊक नव्हतं आणि मुलांची पाहणी करणाऱ्यांनाही नव्हतं. चार आठवडे मोजमाप झालं. सिक्रेटिन घेतलेली मुलं सुधारलेली दिसली, आणि सलाइन घेतलेलीही तेवढीच सुधारलेली दिसली. हा निकाल कळल्यानंतरही चाचणीतल्या ६९ टक्के पालकांनी सांगितलं, की सिक्रेटिनमध्ये आम्हाला अजूनही रस आहे.

हे पालक भाबडे होते असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. त्यांना जे दिसलं ते बरंचसं खरंच घडलेलं होतं, फक्त त्याचं श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झालं होतं. स्वमग्न मूलही वाढत असतं. तीन वर्षांचं मूल साडेतीन वर्षांचं होतं तेव्हा काहीतरी नवं करू लागतंच, मग मधल्या काळात त्याला इंजेक्शन दिलेलं असो वा नसो. दुसरं म्हणजे, या मुलांचे बरे-वाईट काळ येत-जात असतात. कुटुंब नव्या उपचाराच्या शोधात निघतं ते बहुधा सगळ्यांत वाईट महिन्यात, आणि सगळ्यांत वाईट महिन्यानंतर येणारा महिना सहसा थोडा बरा असतोच. तिसरं, एका वेळी एकच गोष्ट क्वचित चालू असते: ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) चालू असते, स्पीच थेरपी चालू असते, शाळा बदललेली असते, आजी राहायला आलेली असते. आणि चौथं कारण सगळ्यांत हळवं आहे. आशा लागली की घर बदलतं. आई-वडील मुलाच्या तोंडाकडे अधिक वेळ बघतात, प्रतिसादासाठी थोडं जास्त थांबतात, लहानशा खुणेलाही दाद देतात. मूल त्या बदललेल्या घराला उत्तर देतं. पुढे आपण पाहणार आहोत की ज्या उपचारांचा पुरावा टिकला, त्यांतले काही नेमकं हेच, पण जाणूनबुजून आणि शिकवून, करून घेतात.

म्हणून या प्रकरणातलं म्हणणं एकच आहे. ऑटिझमवरचा कोणताही उपचार निवडताना ‘यानं फरक पडतो का’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘पडतो’ असंच येईल, कारण वर सांगितलेली चार कारणं प्रत्येक उपचाराच्या बाजूनं साक्ष देत असतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा उपचार चालला नाही, हे आपल्याला कधी आणि कशावरून कळेल? ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशीच तयार असतं, तो उपचार हरू शकतो आणि म्हणूनच त्याच्या जिंकण्याला किंमत असते. ज्याच्याकडे ते नसतं, त्याच्या बाबतीत सुधारणा झाली तर श्रेय उपचाराचं, नाही झाली तर ‘अजून सहा महिने द्या’. असा उपचार कधीच हरत नाही. हरतं ते कुटुंब.

हा प्रश्न तातडीचा का, हे आपल्याकडच्या कुटुंबाची वाट पाहिली की कळतं. मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारल्यावर बघत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा काकाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ या दिलाशात वर्ष जातं. मग कान तपासायला ‘बेरा’ ही चाचणी होते, कुणी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवतं, तिथून बालविकासतज्ज्ञांकडे. निदानाचा शब्द कानावर पडतो आणि आठवड्याभरात सल्ल्यांचा पूर येतो: गहू-दूध बंद करा, अमुक शहरात इंजेक्शन मिळतं, तमुक वैद्यांचा काढा घ्या, दिवसाला सहा तास थेरपी लावा. भारतातल्या पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होतं, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक असं आढळलं. म्हणजे ही वाट चालणारी कुटुंबं लाखांनी मोजावी लागतील. त्यांच्यापाशी पैसा कमी असतो हे सगळेच बोलतात. त्याहून कमी असतात ते मुलाच्या लहानपणाचे जागे तास आणि आईची ताकद, आणि या दोन्हींचं बिल कुणी हातात देत नाही.

या कुटुंबांना ठामपणे ‘नाही’ म्हणणं अवघड का जातं, याला इतिहास आहे. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात जागा दिली. पुढची दोन-अडीच दशकं मात्र दोष आईच्या माथी मारण्यात गेली. ‘थंड’ आईमुळे मूल स्वतःत मिटून जातं, ही कल्पना ब्रुनो बेटलहाइमने १९६७ च्या आपल्या पुस्तकातून घरोघर पोहोचवली. बर्नार्ड रिमलँड हा मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. त्याने १९६४ मध्येच ऑटिझमची मुळं मेंदूच्या जडणघडणीत आहेत, असं पुराव्यानिशी मांडलं होतं. शास्त्राने आईवरचा तो आरोप मागे घेतला, पण घरांतून तो गेलेला नाही. ‘नोकरी करत होतीस ना’, ‘मोबाइल हातात दिलात ना’ ही त्याचीच आजची रूपं. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्डने ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांच्या आधारावर एमएमआर लशीवर संशय घेतला, तेव्हा ‘लस टोचून घेतली ही आमची चूक’ असा नवा अपराधभाव जन्माला आला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून लशीचा आणि ऑटिझमचा संबंध नसल्याचं पुन्हा दिसून आलं. अपराधी वाटणारा माणूस घासाघीस करत नाही, त्याला प्रायश्चित्त हवं असतं. महागडा आणि त्रासाचा उपचार कधीकधी याच कारणासाठी जास्त खरा वाटतो.

मग कसोटीला उतरलंय काय? ज्या उपचारांनी आधी ध्येय सांगितलं, तुलनेसाठी दुसरा गट ठेवला आणि मोजमाप त्रयस्थाच्या हाती दिलं, त्यांत लहान मुलांसाठी सगळ्यांत आश्वासक गट आहे तो खेळातून आणि रोजच्या व्यवहारातून संवाद वाढवणाऱ्या पद्धतींचा. यांतली एक चाचणी आपल्या अगदी शेजारची आहे. ब्रिटनमध्ये तयार झालेली, पालकांमार्फत संवाद शिकवण्याची एक पद्धत दक्षिण आशियासाठी बेतून घेतली गेली आणि गोवा व रावळपिंडी अशा दोन ठिकाणी तपासली गेली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती आणि सहा महिन्यांत बारा सत्रं ठरली होती. सत्रं घेणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. आई-वडील मुलाशी खेळतात त्याचं चित्रीकरण करायचं आणि ते पालकांसोबत बसून पाहायचं: इथे त्याने गाडीकडे बोट केलं, तुम्ही चेंडू पुढे केलात; इथे तुम्ही थांबलात, आणि बघा, तो वळला. तुलनेच्या गटापेक्षा या पालकांचं मुलाच्या कलाने घेणं वाढलं आणि मुलांकडून आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं. मुलं ‘बरी झाली’ असा दावा कुणी केला नाही. दावा मोजका होता म्हणूनच तो तपासता आला.

याच्या उलट टोकाला आहे ‘जितके तास जास्त, तितका फायदा’ हा समज. त्याचं मूळ इवार लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासात आहे. आठवड्याला चाळीस तास वर्तनोपचार मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं सर्वसाधारण शाळेत आणि सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोहोचली, असं त्यात मांडलं होतं. ती मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, आणि उपचारात शिक्षेचाही वापर होता. तरी ‘चाळीस तास’ हा आकडा जगभर फिरला, आणि आपल्याकडे तो थेरपी सेंटरच्या पॅकेजमध्ये येऊन बसला. २०२४ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये १४४ अभ्यासांचा, म्हणजे ९,०३८ मुलांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. उपचाराचे तास वाढवले की परिणाम त्या प्रमाणात वाढतो, याचा भक्कम पुरावा त्यात सापडला नाही. याचा अर्थ थेरपी बंद करा असा होत नाही. अर्थ एवढाच, की दिवसाला दोनच तास परवडतात म्हणून आपण मुलाचं भविष्य हातचं घालवतोय, ही टोचणी घेऊन जगायचं कारण नाही. आंघोळ, जेवण, भाजी निवडणं, जिन्यावरून उतरणं या वेळा शिकण्याच्याच आहेत, आणि तीन वर्षांच्या मुलाला झोप आणि निव्वळ हुंदडणंही लागतं.

डॉक्टरांचं काम या चित्रात कुठे येतं? ऑटिझमच्या गाभ्यावर, म्हणजे संवादातल्या आणि सामाजिक देवाणघेवाणीतल्या अडचणींवर, आज सिद्ध औषध नाही. २०२१ मध्ये दोन मोठ्या आशा मावळल्या. नाकात फवारायचं ऑक्सिटोसिन २९० मुलांवरच्या चोवीस आठवड्यांच्या चाचणीत खोट्या फवाऱ्यापेक्षा सरस ठरलं नाही, आणि ब्युमेटानाइड या औषधाच्या अंतिम टप्प्यातल्या चाचण्या परिणाम दिसत नाही म्हणून थांबवल्या गेल्या. रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि अॅरिपिप्राझोलला २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती तीव्र चिडचिड, आक्रमकता आणि स्वतःला इजा करून घेणं यांसाठी. ही औषधं काही घरांत खरोखर शांतता आणतात, पण वजन वाढणं, गुंगी येणं हे त्यांचे परिणाम पाहत राहावं लागतं, आणि ती बोलणं शिकवत नाहीत. डॉक्टरांचा मोठा उपयोग दुसरीकडेच आहे. ऐकू नीट येतं का, फिट येतात का, बद्धकोष्ठ आहे का, दात दुखतो का, झोप किती लागते? ज्या मुलाला ‘पोटात दुखतंय’ असं सांगता येत नाही, ते डोकं आपटून सांगतं. अशा मुलाच्या वागण्यावर सहा महिने थेरपी चालते, आणि उपाय कधीकधी पोट साफ करणाऱ्या औषधात असतो. वागण्यात अचानक बदल झाला की आधी शरीर तपासा, हा नियम कोणत्याही महागड्या चाचणीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

बोलण्याच्या बाबतीत दोन सल्ले इतक्या घरांत ऐकवले जातात, की त्यांचा वेगळा समाचार घ्यायला हवा. पहिला सल्ला: चित्रांची कार्डं किंवा टॅबलेटवरचं ॲप देऊ नका, त्याची सवय लागली तर मूल तोंडाने बोलणारच नाही. झालेल्या अभ्यासांत अशा साधनांमुळे बोलणं घटल्याचं दिसत नाही. काही मुलांचं थोडं वाढतंच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. तहान लागल्याचं सांगता आलं की पाण्यासाठीचा आरडाओरडा ओसरतो, हे समजायला शास्त्र लागत नाही. दुसरा सल्ला: घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. पुण्यात इंग्रजी शाळेसाठी आणि न्यू जर्सीत तिथल्या थेरपिस्टसाठी हा सल्ला सारख्याच श्रद्धेने पाळला जातो. दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडतात, असं संशोधनात आढळलेलं नाही. घरातली भाषा काढून घेतली की मात्र मुलाशी सगळ्यांत जास्त बोलणारी माणसं, म्हणजे आजी-आजोबा, गप्प होतात. ज्याला संवादच कमी पडतो, त्याच्याभोवतीचा संवाद आणखी कमी करायचा, हा उपचार कुठला?

आता हरायला तयार नसलेल्या उपचारांकडे वळू. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं, की मुलांमधल्या ऑटिझमसाठी सिक्रेटिन, शरीरातले ‘जड धातू काढण्याचं’ चिलेशन आणि दाबाखालच्या प्राणवायूची कोठी यांपैकी काहीही वापरू नये. चिलेशनमध्ये तर २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. आपल्याकडे सध्या सगळ्यांत मोठं प्रलोभन आहे ते मूळपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं. मुलाला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून मगज काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडतात. खर्च लाखांत जातो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने नाळेच्या रक्तातल्या पेशींची १८० मुलांवर चाचणी घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, मुख्य कसोटीवर पेशी मिळालेली मुलं आणि खोटं औषध मिळालेली मुलं यांच्यात फरक दिसला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण वगळता मूळपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की ऑटिझमसाठी मूळपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, आणि त्याचा प्रचार, जाहिरात किंवा सल्ला हे व्यावसायिक गैरवर्तन मानलं जाईल. पालकांनी एक साधी खूण लक्षात ठेवावी: खऱ्या चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. करून पाहायला काय हरकत आहे, नुकसान तर नाही ना? नुकसान असतं, फक्त ते दुसऱ्या खात्यावर पडतं. गहू आणि दूध बंद करण्याचंच बघा. ज्वारी-नाचणीची भाकरी असलेल्या घरात गहू टाळणं युरोपातल्याइतकं कठीण नाही. पण जे मूल मुळातच पोळी, दहीभात आणि एका ठरावीक बिस्किटावर जगतं, त्याच्या ताटातल्या दोन गोष्टी काढल्या तर उरतं काय? शिवाय दूध गेल्यावर कॅल्शियमची सोय लावावी लागते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात १४ मुलांना गहू-दुधाशिवायच्या आहारावर ठेवून, मधूनमधून कुणालाही कळू न देता ते पदार्थ पुन्हा दिले गेले. वागणं, झोप, पोट यांत फरक दिसला नाही. मुलाला गव्हाची किंवा दुधाची खरीखुरी बाधा असेल तर गोष्ट वेगळी; तिची तपासणी होते आणि उपचारही होतो. भूल, कण्यातली सुई, कर्ज, मोडलेलं सोनं ही नुकसानं तर डोळ्यांना दिसतात. न दिसणारं नुकसान असं, की तोच पैसा आणि तेच सहा महिने ज्या स्पीच थेरपीला मिळायचे, तिची सत्रं खर्च झेपत नाही म्हणून बंद होतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. प्रत्येक स्वमग्न मूल वेगळं असतं. शंभर मुलांच्या सरासरीत न दिसलेला गुण आमच्या एका मुलाला कशावरून येणार नाही? आणि शास्त्राला तरी सगळं कुठे कळलंय? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मुलं वेगवेगळी आहेत म्हणून कसोटी सोडून द्यायची, हे उलटं झालं. मुलं वेगवेगळी आहेत म्हणूनच आपल्या मुलापुरती कसोटी लावायला हवी. ती घरात लावता येते. एक वही घ्यायची. उपचार सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसत्या नोंदी करायच्या: आपणहून किती वेळा मागितलं, रात्री किती वाजता झोप लागली, दिवसातून किती वेळा स्वतःला मारून घेतलं. ‘सुधारणा’ असा शब्द लिहायचा नाही, मोजता येईल तेच लिहायचं. मग एका वेळी एकच बदल करायचा आणि बारा आठवड्यांनी काय दिसायला हवं हे आधीच लिहून ठेवायचं. शक्य असेल तर नवा उपचार चालू केल्याचं शाळेतल्या बाईंना किंवा आजोबांना सांगायचं नाही आणि त्यांचं मत वेगळं विचारायचं. औषध असेल तर सुरू करणं आणि थांबवणं दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने. ही कसोटी पॅथी विचारत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, संगीतोपचार, ओटी, सगळ्यांना एकच वही लागू. आणि एखाद्या चांगल्या, प्रामाणिक थेरपिस्टनेही वर्षभर ध्येय न सांगता मुलाला झोक्यावर बसवलं असेल, तर वही त्यांनाही सोडत नाही.

तिसरा आक्षेप आता स्वमग्न प्रौढांकडूनच येतो: ऑटिझम हा आजारच नाही, ती मेंदूची एक वेगळी घडण आहे; मग उपचाराची भाषा कशाला? या आक्षेपाने आपली कसोटी मोडत नाही, उलट तिला धार येते. बारा आठवड्यांनी काय दिसायला हवं, हे कुणाच्या सोयीसाठी ठरवायचं, हा प्रश्न तो पुढे आणतो. हात हलवणं थांबलं, डोळ्यांत डोळे घालून बघितलं, वर्गात हात बांधून बसलं, ही ध्येयं बहुतेकदा पाहुण्यांसाठी असतात. पाणी मागता येणं, दुखतंय ते सांगता येणं, संडासला एकट्याने जाता येणं, नको असलेल्या स्पर्शाला ‘नको’ म्हणता येणं, ही मुलासाठी. या ओळी नाकारणारा प्रौढ स्वमग्न माणूस क्वचितच भेटेल. आणि ज्या मुलाला कायम मदतीची गरज पडणार आहे, त्याच्या पालकांना ‘फक्त स्वीकारा’ एवढंच सांगून निघून जाणं, हेही अपुरंच. स्वीकार हा उपचाराला पर्याय ठरत नाही. कोणता उपचार कशासाठी घ्यायचा, हे ठरवण्याची ती जागा आहे.

चौथा आक्षेप सरळ आहे: हे सगळं पुण्या-मुंबईत ठीक, गडचिरोलीत किंवा हिंगोलीत थेरपिस्ट कुठून आणायचा? उणीव खरीच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गोव्याच्या चाचणीचं महत्त्व याच ठिकाणी आहे, कारण साधा प्रशिक्षित कार्यकर्ताही पालकांना शिकवू शकतो, हे तिथे दिसलं. शिवाय जे सरकारी दरवाजे आहेत त्यांची माहिती फार कमी घरांना असते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, त्यात ऑटिझमचा समावेश आहे, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळतं, आणि त्यासाठी चाळीस मुद्द्यांची ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते, तिच्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीचा काही खर्चही तीत बसतो. जुन्या करप्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजार, आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते. प्रमाणपत्राने मुलाला शिक्का बसेल, अशी भीती वाटते. शिक्का समाज प्रमाणपत्राशिवायही मारतोच. सवलत मात्र कागदाशिवाय मिळत नाही. फक्त एक करावं: कागद मिळेपर्यंत थेरपी थांबवू नये. आणि स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. रिक्षाचं मीटर आपण बघतो, मग हा क्रमांक बघायला काय हरकत?

या सगळ्याचा निवाडा असा. ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरात उपचार निवडणं हा एकदाच घ्यायचा मोठा निर्णय नाही, दर तीन महिन्यांनी उघडून बघायचा हिशेब आहे. पुढच्या भेटीत डॉक्टर, वैद्य किंवा थेरपिस्ट कुणीही समोर असो, त्यांना तीन गोष्टी विचारा: नेमकं काय बदलेल, किती दिवसांत बदलेल, आणि नाही बदललं तर आपण काय बंद करणार? जो या प्रश्नांनी चिडतो, त्याच्याकडे उत्तर नसतं. जो खुर्ची ओढून वही पुढे घेतो, त्याच्याकडे मुलाला न्या. सिक्रेटिनचं म्हणाल, तर ऑटिझमसाठीच्या त्याच्या अंतिम टप्प्यातल्या चाचणीलाही २००४ मध्ये अपयश आलं. ते आजही वापरात आहे, स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी.